दिग्व्रत आणि आकाशमार्ग

चातुर्मासात अनेक घरांतून प्रवासाची मर्यादा बांधून घेतली जाते. दहाही दिशांना जाण्या-येण्याची सीमा आयुष्यभरासाठी ठरवणे म्हणजे दिग्व्रत. तीच काही काळापुरती आणखी आखडून घेणे म्हणजे देशावकाशिक. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश आणि योजने ही सीमेची साधने सांगितली आहेत. त्या काळी वाट पायांखाली होती. आज व्यापारी न्यूयॉर्कला आकाशातून जातो. मग अंतर कोणते धरावे?

मुंबई आणि न्यूयॉर्क या विमानतळांमधील सर्वांत जवळचे अंतर सुमारे 12,550 किलोमीटर आहे. मैलांत ते 7,800 आणि वैमानिकांच्या सागरी मैलांत सुमारे 6,770 भरते, कारण सागरी मैल 1,852 मीटरचा असतो. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली, तर त्या वाटेने प्रत्यक्षात 14,200 किलोमीटरच्या आसपास जावे लागेल. पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. हा सुमारे साडेसोळाशे किलोमीटरचा फरक त्यातूनच येतो.

याची खात्री घरीच करता येते. 30 सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे 425 किलोमीटर. दोन्ही शहरांमध्ये दोरा घट्ट ताणावा. तो साधारण साडेएकोणतीस सेंटिमीटर भरतो. या वाटेला बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. दोरा पश्चिमेकडे न जाता आधी उत्तरेकडे झुकतो आणि 65 अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ पोहोचतो. न्यूयॉर्क स्वतः मात्र 41 अंशांच्या आतच आहे. प्रत्यक्ष उड्डाण वारा आणि हवाईक्षेत्राचे निर्बंध पाहून आणखी वळसा घेते. दुबईमार्गे गेल्यास दोन टप्प्यांची बेरीज सुमारे 12,950 किलोमीटर होते.

व्रताच्या दृष्टीने हा तपशील किरकोळ नाही. केवळ पश्चिमेची मर्यादा वाढवून ठेवणाऱ्याची उत्तरेची सीमा वाटेतच ओलांडली जाऊ शकते. दिग्व्रताच्या पाच अतिचारांत ऊर्ध्व, अधो आणि तिर्यक् व्यतिक्रम, क्षेत्रवृद्धी आणि स्मृत्यंतराधान यांची गणना आहे. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाते, तेव्हा ऊर्ध्व दिशेचाही विचार आलाच. ऐनवेळी एका दिशेचे उरलेले अंतर दुसऱ्या दिशेला जोडणे ही क्षेत्रवृद्धी, आणि ठरवलेला आकडाच विसरणे हे स्मृत्यंतराधान.

म्हणून नियम घेतानाच गुरुमहाराजांच्या किंवा जाणकार पंडितांच्या सल्ल्याने चार गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात: अंतर किलोमीटरमध्ये की मैलांत, घरापासून की गावाच्या वेशीपासून, सरळ अंतर की प्रवासाची वाट, आणि वर-खाली किती. तिकीट काढताना ती वही उघडावी.

कमी-अधिक माप वापरणे हा अचौर्याणुव्रताचा अतिचार आहे, हे प्रत्येक व्यापारी घराला ठाऊक असते. दुकानातल्या मापाबाबत घेतली जाणारी ही दक्षता स्वतःच्या पावलांच्या मोजणीतही असावी. लोभाला सीमा असावी, यासाठीच तर हे व्रत आहे.