जुन्या बुलेटचं आरसी बघता, मग पिस्तुलाचं काय?

साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, जुनी बुलेट घ्यायची म्हटली तरी आपला माणूस आठ दिवस घालवतो. आरसी बुक कुणाच्या नावावर, चेसिस नंबर जुळतो का, फायनान्सची एनओसी आहे का, इंजिन उघडलंय का. ओळखीचा मेस्त्री सोबत नेतो. आणि तोच माणूस "एक वस्तू आलीय, चालू कंडिशन, मॅगझिनसकट" एवढ्या शब्दावर पिस्तूल कमरेला खोचून घरी येतो!

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात वीस-बावीस वर्षांचं पोरगं आहे, त्यांनी तरी वाचा.

जुनं हत्यार विकणं-घेणं हा मुळात गुन्हा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवानाधारक आपलं हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला देऊ शकतो. पण आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा, आणि मग किमान ४५ दिवस थांबायचं. म्हणजे दोन माणसांत "आज पैसे, आज माल" असा कायदेशीर सौदा होऊच शकत नाही. घेणाऱ्याचा परवाना आधी हवा, वय २१ पूर्ण हवं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोनच्या वर हत्यारं ठेवता येत नाहीत. "नाइन एमएम आहे, एक नंबर" असं कुणी म्हणालं की तिथंच उठा. सामान्य परवान्यावर ते मिळतच नाही. हत्यारावरचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. नळीत गंज, चक्र ढिलं, हे सगळं नंतर, आणि तेही परवानाधारक दुकानदाराकडून तपासून.

आता खरं बोलू. आपल्याकडं पोरं 'सेकंडहँड' म्हणून जे घेतात, ते यातलं काहीच नसतं. तो गावठी कट्टा असतो. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशात उमर्टी आहे. तिथल्या भट्ट्या पुणे पोलिसांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये जाऊन मोडल्या. माल तिकडनं निघतो आणि चार हात बदलून आपल्या ढाब्यावर येतो. ना धातूची खात्री, ना चापाची. कमरेला लावलेला कट्टा कधी सुटेल आणि कुणाला लागेल, याची गॅरंटी विकणारा देत नाही.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. जुना कट्टा म्हणजे आधीच्या मालकाचा गुन्हा. त्यानं कुठं गोळी झाडली, कोण मेलं, तुम्हाला काय ठाऊक? गोळी आणि पुंगळी कुठल्या हत्यारातून सुटली, हे न्यायवैद्यक प्रयोगशाळा सांगते. कुणी विकलं, हे ती सांगत नाही. हत्यार सापडतं तुमच्याकडं. आणि नंबर घासलेला असेल तर तो तुम्हीच घासला, असं कायदा गृहीत धरतो. नाही म्हणून सिद्ध तुम्ही करायचं.

शिक्षा ऐका. विनापरवाना नुसतं जवळ बाळगलं तरी दोन ते पाच वर्षं. बेकायदा बनवणं, विकणं, मिळवणं, यात किमान सात वर्षं, वर जन्मठेप. मिरवणुकीत हवेत बार काढला आणि कुणाच्या जिवाला धोका झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. इन्स्टाच्या पंधरा सेकंदांच्या रीलसाठी!

आणि हे नाद लावले कुणी? वाढदिवसाच्या फ्लेक्सवर काळा चष्मा लावून 'भाई' म्हणवून घेणाऱ्यांनी. पोरगं सापडलं की हेच म्हणतात, आमचा कार्यकर्ता नाही. याच मातीत प्रतिसरकार झालं. कुंडलच्या तूफान सेनेनं १९४४ साली धुळ्याचा सरकारी खजिना लुटला, हातात बंदुका होत्या, पण त्या स्टेटसला ठेवायला नव्हत्या.

फौजी घरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण आपल्याकडं अशी घरं गावोगाव आहेत. वडील गेले, कपाटात परवान्याचं रिव्हॉल्व्हर राहिलं. पाहुण्यात कुणीतरी म्हणतं, घरातल्या घरात देऊन टाक. अजिबात नको. वडिलांच्या परवान्यावर ते तुम्हाला ठेवता येत नाही आणि विकताही येत नाही. उशीर न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडं जमा करा, पावती घ्या, मग वारस म्हणून अर्ज करा. चकरा माराव्या लागतील, साहेब जागेवर नसतील, तरी मारा.

राहता राहिले पोलीस. दर थोड्या दिवसांनी फोटो येतो: टेबलावर पिस्तूल, दोन काडतुसं, मागं पथक, मध्ये तोंड झाकलेलं पोरगं. अभिनंदन. पण त्याला ते विकलं कुणी? त्या विक्रेत्याचा फोटो आम्ही कधी बघायचा? सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांनी मागच्या पाच वर्षांतल्या अशा प्रत्येक कारवाईचा हिशेब जाहीर करावा. पिस्तूल कुठून आलं, विकणारा पकडला का, आणि खटल्याचं शेवटी झालं काय.