स्वस्त सहल म्हणजे सावकाश सहल



"सर, पेरू खायला पेरूला कशाला? कोडोलीच्या बाजारात मिळतो की!" हा विनोद गेल्या दोन महिन्यांत इतक्यांदा ऐकला, की आता सांगणारा तोंड उघडायच्या आधीच मी हसून मोकळा होतो. आम्ही तिघे निवृत्त मास्तर पेरू देशाला जायचं म्हणतोय, तेही पेन्शनीत बसेल अशा खर्चात. घरचे आणि स्नेही तीन आक्षेप घेतात. तिथे आहे काय, एवढा पैसा कुठला आणि हे काय वय आहे का? तिन्हींचा एकदाच समाचार घेतो, म्हणजे फोनवर पुन्हा पुन्हा बोलायला नको.

पहिला आक्षेप, तिथे आहे काय? हे बहुतेक एकादशीला साबुदाण्याची खिचडी खात विचारलं जातं! त्या ताटलीकडे जरा नीट बघा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिथलाच. बटाटा तर खास पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरातला. मिरचीही अमेरिका खंडातलीच, आणि ज्या फळावरून विनोद होतो ते फळसुद्धा. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर १४९८ साली उतरले, त्याआधी यातलं काहीच आपल्याकडे नव्हतं. म्हणजे ज्ञानोबा-नामदेवांच्या काळात या खिचडीचा उपवास कुणी केलेला नाही. ज्या मातीने आपला उपवास सांभाळला आणि तांबड्या रश्श्याला रंग दिला, तिथे आहे काय म्हणून विचारायचं? अँडीज पर्वतात बटाट्याच्या चार हजारांवर जाती आहेत आणि त्यांच्या अभ्यासासाठी १९७१ पासून लिमामध्ये आंतरराष्ट्रीय संस्था आहे. आपण दोन-तीन जातींवर भागवतो आणि वर त्यांना विचारतो, तुमच्याकडे आहे काय!

दुसरा आक्षेप पैशाचा. इथे माझं खरं भांडण आहे. 'परवडणारी सहल' या शब्दाचा अर्थच सहल कंपन्यांनी बिघडवून टाकलाय. एका माहितीपत्रकात पंधरवड्यात चार देश दाखवायचं आश्वासन वाचलं. दर दोन दिवसांनी विमान, रोज नवं हॉटेल आणि सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर. यात महाग काय असतं तर घाई! विमानं, मुक्काम बदलणं, ठरलेल्या गाड्या, हा सगळा घाईचा खर्च. पेरूला जाण्या-येण्याचं विमानभाडं टळत नाही, थेट विमानही नाही. पण एकदा ते भाडं भरल्यावर आठ दिवस राहिलात काय आणि पस्तीस दिवस राहिलात काय, ते तेवढंच. मग जितके दिवस जास्त, तितका एकेक दिवस स्वस्त. हे गणित मी सातवीच्या पोरांना सरासरी शिकवताना फळ्यावर मांडत असे.

आणि आमच्याकडे दुसरं काय आहे? नोकरदार माणसाकडे पैसा असतो, पण रजा नसते. निवृत्त माणसाकडे दिवसच दिवस. ती आपली खरी श्रीमंती, आणि आपण ती ओट्यावर बसून उधळतो.

सावकाश गेलं की सगळं आवाक्यात येतं. आपल्याकडच्या वडापसारख्या भरल्याशिवाय न सुटणाऱ्या गाड्या तिथेही आहेत, त्यांना 'कोलेक्तिवो' म्हणतात. दुपारी साध्या खानावळीत ठरलेलं जेवण मिळतं. सूप, एक मुख्य पदार्थ आणि पेय, म्हणजे आपली राईसप्लेटच. नास्काच्या वाळवंटातल्या दोन हजार वर्षं जुन्या महाकाय रेघा बघायला लोक छोट्या विमानाचं भाडं मोजतात. पण रस्त्याकडेला एक मनोरा आहे, तिथून थोडक्या पैशात निदान दोन-तीन आकृत्या दिसतात. तो उभारला मारिया रायखं या जर्मन बाईंनी. त्याही गणित शिकलेल्या शिक्षिका. पन्नासएक वर्षं त्यांनी त्या रेघा मोजण्यात घालवली. आम्ही तिघे मास्तर त्या मनोऱ्यावर चढणार, विमानात नाही.

एक इशारा मात्र देतो. बजेटच्या नावाखाली बाजारात बसलेल्या म्हातारीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणं आणि ती मर्दुमकी घरी येऊन सांगणं, याला मी काटकसर म्हणत नाही. काटकसर स्वतःच्या सोयीत करावी, दुसऱ्याच्या मजुरीत नव्हे. माचू पिक्चूच्या इंका वाटेवर पुरुष हमालाच्या पाठीवर २० किलोंपेक्षा जास्त ओझं द्यायचं नाही असा तिथे कायदा आहे. ज्या महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला, तिथल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये.

तिसरा आक्षेप वयाचा. हा आक्षेप खरा आहे, पण तो माझ्याच बाजूचा आहे. कुस्को शहर समुद्रसपाटीपासून ३,४०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) दुपटीहून उंच. लिमा समुद्रकाठी. घाईची सहल तुम्हाला लिमातून तासा-दीड तासात तिथे नेऊन टाकते. मग डोकं ठणकतं, श्वास लागतो, आणि दोष वयाला! डॉक्टर सांगतात, तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज तीन-पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. म्हणून आमचा बेत असा. लिमाहून बसने किनाऱ्याच्या वाळवंटातून नास्का, तिथून २,३३५ मीटरवरचं अरेकिपा. तिथे आठवडाभर मुक्काम. मग कुस्कोत न थांबता खाली उरुबांबाच्या खोऱ्यात, तिथून २,४३० मीटरवरचं माचू पिक्चू, आणि शरीर रुळल्यावर कुस्को. शेवटी जमलं तर बसनेच ॲमेझॉनच्या जंगलाकडे. समुद्र, वाळवंट, बर्फाचे डोंगर, जंगल, सगळं एका देशात. खिशाला जे परवडतं तेच फुप्फुसाला मानवतं, हा योगायोग नाही. दोन्हींचा शत्रू एकच, घाई.

जंगलासाठी पीतज्वराची लस लागते. पेरूहून परतताना भारतात त्याचा दाखला मागतात, आणि साठीनंतर या लशीचा धोका थोडा वाढतो. म्हणून डॉक्टरांशी बोलूनच ठरवणार. डॉक्टर नको म्हणाले तर सगळ्या बेताचाच फेरविचार करू. याला मी भित्रेपणा म्हणत नाही, शहाणपण म्हणतो.

"पण इंग्रजीचं काय?" असं एका पुतण्याने विचारलं. अरे बाबा, तिथे इंग्रजीवाल्याचंही फारसं चालत नाही! तिथे स्पॅनिश आणि केचुआ. स्पॅनिश बरीचशी लिहिल्यासारखी वाचतात, स्वर पाचच. मराठी माध्यमाच्या बीएला घाबरायचं कारण नाही. आकडे शंभरापर्यंत पाठ झालेत.

शेवटी एकच. आळंदी ते पंढरपूर एसटी काही तासांत पोचवते, तरी लाखो माणसं अडीचशे किलोमीटर चालत जातात. शिधा बरोबर, मुक्काम दिंडीत, खर्च बेताचा, आणि म्हाताऱ्यांची संख्या भरपूर. आपल्या आजा-पणज्यांना स्वस्त सहल कशी करायची हे पक्कं ठाऊक होतं. आपण मात्र ते ज्ञान माहितीपत्रकं छापणाऱ्यांकडून विकत घ्यायला निघालो आहोत.

तेव्हा घरच्यांनो, काळजी करा, पण अडवू नका. आणि ज्यांना यायचंय त्यांनी आधी कॅलेंडर रिकामं करावं, पैशाचं मग बघू.