माप एक असेल तर ग्राहक मोकळा

कापडाचा पन्हा ठरलेला असतो, म्हणून एका गावचा माल दुसऱ्या गावचा शिंपी बिनधास्त बेततो. मोबाइल कंपन्यांनी मात्र आपल्या देशात बरीच वर्षे दोन मापे चालवली आणि त्याची किंमत ग्राहकाने मोजली. आम्हा व्यापाऱ्यांनी यातून धडा घेतला पाहिजे.

1995 साली येथे मोबाइल सुरू झाला तो युरोपातून आलेल्या जीएसएम पद्धतीवर. 1999 च्या दूरसंचार धोरणानंतर कंपन्यांना पद्धत निवडण्याची मुभा मिळाली. रिलायन्स व टाटा यांनी अमेरिकेच्या क्वालकॉम कंपनीची सीडीएमए पद्धत घेतली. ही पद्धत वाईट नव्हती; तेवढ्याच लहरींत ती जास्त संभाषणे सामावून घेई. 2003 मध्ये रिलायन्सने सुरुवातीला फक्त 501 रुपये घेऊन फोन हाती दिला. स्पर्धेने दर कोसळले आणि साध्या कारागिराच्या खिशातही फोन आला. इन्साफाने बोलायचे तर हे श्रेय सीडीएमएवाल्यांना द्यावेच लागेल.

पण त्या स्वस्ताईत एक गाठ होती. जीएसएममध्ये सिमकार्ड बदलले की तोच फोन दुसऱ्या कंपनीवर चाले. रिलायन्सच्या त्या फोनमध्ये सिमकार्डच नव्हते. कंपनी सोडली की फोन निकामी. आखाती देशांत जीएसएम असल्याने नोकरीला किंवा हजला जाणाऱ्यालाही त्याचा उपयोग नसे.

जगात जीएसएमचे ग्राहक जास्त, म्हणून त्याचे फोनही भरपूर आणि स्वस्त झाले. 2009 पर्यंत रिलायन्स आणि टाटा दोघांनीही जीएसएम सेवा सुरू केली. खुद्द क्वालकॉमने 2008 मध्ये चौथ्या पिढीची आपली वेगळी पद्धत सोडून एलटीईची वाट धरली. अमेरिकेच्या व्हेरायझनने 2022 अखेर सीडीएमए बंद केले. कंपन्यांनी नफा-तोटा पाहून रस्ता बदलला. जुना फोन मात्र गिऱ्हाइकाच्या गळ्यात राहिला.

याउलट 2016 मध्ये आलेली यूपीआय पाहा. बँक कोणतीही असो, पैसे पोचतात, कारण माप एक आहे. बरकत अशा व्यवस्थेत असते.

तेव्हा व्यापारी व कारागीर बंधूंनो, बिलाचे यंत्र असो की हिशेबाचे सॉफ्टवेअर, विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. उद्या तुमची कंपनी सोडली तर हे यंत्र चालेल का? आमचा हिशेब दुसरीकडे नेता येईल का? उत्तर गोलमोल आले, तर भाव कितीही कमी असो, सौदा महाग आहे असे समजा.