शून्य होमरनचा मॅनेजर

आपल्याकडे टीमचा कॅप्टन कसा निवडतात? ज्याचा स्कोअर जास्त, तो. प्रोजेक्ट ग्रुपचा लीडर? जो टॉपर, तो. मला हे साफ चुकीचं वाटतं. पुरावा म्हणून अमेरिकन बेसबॉलमधला स्पार्की अँडरसन घ्या.

खेळाडू म्हणून याला मेजर लीगचा एकच सीझन मिळाला, १९५९चा, फिलाडेल्फियाकडून. १५२ मॅचेस, अ‍ॅव्हरेज .२१८ (म्हणजे शंभरात जेमतेम बावीस हिट्स), होमरन शून्य. झालं, पुन्हा खालच्या लीगमध्ये रवानगी! तिथेच १९६४ पासून तो मॅनेजरचं काम शिकला. १९७० मध्ये सिनसिनाटीची टीम हाती आली आणि पहिल्याच वर्षी १०२ विजय. १९७५ आणि १९७६ला वर्ल्ड सिरीज. १९७८ला त्याला काढलं, तर पठ्ठ्याने १९८४ला डेट्रॉईटला जिंकून दिलं. नॅशनल आणि अमेरिकन, दोन्ही लीगच्या टीमबरोबर वर्ल्ड सिरीज जिंकणारा तो पहिला मॅनेजर.

त्याला 'कॅप्टन हुक' म्हणायचे, कारण पिचर जरा ढिला पडला की हा त्याला बाहेर काढायचा. क्रिकेटमध्ये बोलर पुन्हा आणता येतो. बेसबॉलमध्ये बाहेर गेला तो गेला. असा निर्णय घ्यायचा तर माणसं ओळखता यायला हवीत.

ज्याला सगळं सहज जमतं, त्याला दुसऱ्याचं कुठे अडतंय हे चटकन कळत नाही. ज्याचं स्वतःचं अडलेलं असतं, त्याला कळतं. तेव्हा पुढच्या वेळी लीडर निवडताना मार्कलिस्टसोबत एवढंही बघा, व्हायवाच्या आदल्या रात्री अख्खी विंग कोणाच्या रूमवर जमते?