विश्वास ठरतो अपघातानंतर

२ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोमध्ये रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला मोटारीने उडवले. ती मोटार माणूस चालवत होता आणि तो न थांबता पळून गेला. महिला फेकली गेली ती ‘क्रूझ’ कंपनीच्या चालकविरहित टॅक्सीसमोर. टॅक्सीने ब्रेक लावला, तरी महिला गाडीखाली सापडली. खरा घात पुढेच झाला. धडक बाजूने बसली, असा चुकीचा अर्थ संगणकाने लावला आणि गाडी कडेला घ्यायला सुरुवात केली. महिला सुमारे सहा मीटर फरफटत गेली. गंभीर जखमी झाली, पण वाचली.

अपघातग्रस्ताला आधी आहे तिथेच तपासावे, हा प्रथमोपचाराचा पहिला धडा. तो यंत्राला ठाऊक नव्हता. ही उणीव दूर करण्यासाठी कंपनीने साडेनऊशे गाड्यांचे सॉफ्टवेअर बदललेही. पण यंत्रणेकडे दिलेल्या एका अहवालात फरफटीचा उल्लेखच नव्हता. कॅलिफोर्नियाच्या वाहन विभागाने तीन आठवड्यांत चालकविरहित परवाने निलंबित केले. खोटा अहवाल दिल्याची कबुली देऊन कंपनीने पुढे पाच लाख डॉलर दंड भरला. डिसेंबर २०२४ मध्ये मूळ कंपनी जनरल मोटर्सने रोबोटॅक्सीचा खर्चच थांबवला.

जगात रस्ते अपघातांत दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसे मरतात. ‘वेमो’ या दुसऱ्या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत इजा होणाऱ्या अपघातांचे प्रमाण मानवी चालकांपेक्षा कमी दिसते. तरीही अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या २०२५ च्या पाहणीत अशा गाडीत बसण्याचा भरवसा अवघ्या १३ टक्के चालकांनी दाखवला. हे निव्वळ अडाणीपण म्हणता येणार नाही. सरासरीचा आकडा कितीही चांगला असला, तरी चूक झाल्यावर खरे सांगितले जाईल का, हा प्रश्न उरतोच.

औषधशास्त्र हा धडा किंमत मोजून शिकले आहे. भारतात नव्या औषधाच्या चाचणीत गंभीर दुष्परिणाम झाला, तर संशोधकाने २४ तासांत कळवावे, असा नियम आहे. औषध बाजारात आल्यावरही नोंदी थांबत नाहीत. निर्दोष औषध नसते. दोष उघड होतात, म्हणून रुग्ण गोळी घेतो.

चालकविरहित गाड्यांनाही हाच नियम हवा. प्रत्येक अपघाताची संपूर्ण चित्रफीत आणि नोंदी ठरलेल्या मुदतीत स्वतंत्र तपासणीसाठी द्याव्यात. त्याआधी लोकांकडे भरवसा मागणे म्हणजे तपासणी न करताच औषध लिहून देणे.