हिशेब मागणे हा रयतेचा हक्क आहे

सरकारच्या खजिन्यातला पैसा आभाळातून पडत नाही. शेतकरी खत घेतो, डिझेल घेतो. विणकर सूत घेतो. सुतार, लोहार, चांभार आपापल्या धंद्याचे सामान घेतात. या प्रत्येक खरेदीत कराचा वाटा निमूटपणे सरकारजमा होतो. असे असता, त्या पैशाचे झाले काय, हे विचारणाऱ्यास विकासाचा वैरी म्हणून हिणवण्याची जी चाल हल्ली पडली आहे, ती आम्हांस मुळीच मान्य नाही. धन्याने दिवाणजीस हिशेब विचारला, तर त्यात वैर कसले?

हा प्रश्न आमच्या चळवळीस नवा नाही. 1882 साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडले, की सरकारचे उत्पन्न रयतेच्या घामातून येते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1884 साली, 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्या लेखी केल्या. रविवारची सुट्टी मिळायला 1890 साल उजाडावे लागले. सहा वर्षे विचारीत राहिले, म्हणून मिळाली.

आता आपल्या दाराशी येऊ. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला. उभी पिके गेली आणि नदीकाठची कित्येक रानेच खरडून गेली. पीक पुढल्या हंगामात पुन्हा घेता येते. वाहून गेलेली काळी माती एका माणसाच्या हयातीत परत येत नाही. ऑक्टोबरात सरकारने 31,628 कोटी रुपयांचे मदतीचे पॅकेज जाहीर केले. त्यात खरडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रुपये रोख आणि हेक्टरी 3 लाख रुपये रोजगार हमीतून, असे सांगितले गेले. आकडा मोठा आहे. परंतु रोजगार हमीचा पैसा शेतकऱ्याच्या हातात ठेवण्याचा पैसा नव्हे. काम मंजूर व्हावे, मजुरांनी हजेरीपटावर लागावे, माती पडावी, मोजमाप व्हावे, तेव्हा तो खर्ची पडतो. तेव्हा या 31 हजार कोटींत नवा पैसा किती आणि जुन्याच योजनांची बेरीज किती, हा विरोधकांचा प्रश्न रास्त होता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रोजगार हमी ही कोणाची मेहेरबानी नव्हे. 1972 च्या दुष्काळात या महाराष्ट्राने खडी फोडून दिवस काढले. 1973 च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसे होती. त्याच काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ही योजना उभी राहिली, 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि 15 दिवसांत काम न दिल्यास भत्ता, असा तो हक्क ठरला. तिच्या खर्चासाठी 1975 साली व्यवसाय कर बसला. तो आजही आम्हां शाळामास्तरांच्या पगारातून सालीना अडीच हजार रुपये कापला जातो. आम्ही तो खुशीने देतो. पण मजुराच्या नावाने घेतलेला पैसा मजुरापर्यंत पोचतो की नाही, हे विचारण्याचा अधिकारही त्याबरोबर आम्हांस मिळतो.

पुढे 2005 साली हाच हक्क साऱ्या देशाला मिळाला आणि अकुशल मजुरीचा भार केंद्राने उचलला. 2025 च्या डिसेंबरात संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात कामाचे दिवस 100 चे 125 केले आहेत, हे आम्ही चांगले म्हणतो. परंतु खर्चाचा 40 टक्के वाटा राज्यावर टाकला आहे, केंद्राने ठरवून दिलेल्या रकमेवरचा खर्चही राज्याच्याच माथी आहे, आणि पेरणी-सुगीचे मिळून 60 दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. सुगीला माणूस मिळत नाही, ही शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. पण आपल्या दुष्काळी मुलखात दोन एकरांचा धनी हाच उन्हाळ्यात मजूर असतो. एकाच माणसाच्या उजव्या हाताला डाव्याशी भांडायला लावून कोणाचे भले होणार? मुद्द्याची गोष्ट ही, की राज्याने आपला वाटा अर्थसंकल्पात न ठेवल्यास 125 हा आकडा कागदावरच राहील.

मग हे विचारायचे कोणी? 2024 च्या निवडणुकीत कोणत्याही एका विरोधी पक्षास विधानसभेच्या 288 जागांपैकी एक दशांश जागा मिळाल्या नाहीत, आणि 2025 चे नागपूरचे हिवाळी अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्यावाचून उरकले. एक दशांशाचा दंडक संविधानात कोठेही लिहिलेला नाही. त्याच आठवडाभराच्या अधिवेशनात 75 हजार कोटींहून अधिक रकमेच्या पुरवणी मागण्या आल्या. एवढी मोठी पंगत, आणि वाढप्यावर नजर ठेवणारा कोणी नाही!

विरोधकांसही आमचे दोन शब्द आहेत. पायऱ्यांवर घोषणा देऊन छायाचित्र निघते. उत्तर निघत नाही. आपल्याच जिल्ह्यात सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाच्या झेंड्याखाली अकरा वेळा निवडून आले आणि त्यांची बहुतेक हयात विरोधी बाकावर गेली. संख्या थोडी असली तरी अभ्यासू माणसाच्या शब्दास वजन असते, हे त्यांनी दाखवून दिले. तेव्हा प्रश्न असे नेमके विचारा: खरडलेल्या जमिनीपैकी किती हेक्टरांवर रोजगार हमीची कामे प्रत्यक्ष झाली? हजेरीपटावर किती मजूर लागले, आणि मजूर कागदावर व जेसीबी रानात असा प्रकार किती ठिकाणी झाला? 2025-26 साली 312 रुपये ठरलेली मजुरी किती दिवसांनी पोचली? उशिराची भरपाई कोणास मिळाली? राज्याचा 40 टक्के वाटा कोणत्या शीर्षाखाली ठेवला आहे?

वाचकहो, सारा भार आमदारावर टाकून आपणांस मोकळे होता येणार नाही. मुंबईस विधानसभा आहे, तशी आपल्या गावात ग्रामसभा आहे. तेथे सतरंजीच्या कडेला बसून मान हलवून परत येऊ नका. कामाची मागणी तोंडी करू नका. लेखी करा आणि तारखेची पोच घ्या. पोच नसेल तर पंधरा दिवसांची मोजणी सुरू होत नाही, आणि भत्त्याचा हक्क तेथेच बुडतो. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचे अर्ज शाळेतल्या मुलांनी लिहून द्यावेत. विद्येचा याहून चांगला उपयोग आम्हांस दिसत नाही. हजेरीपट वाचून दाखवा, असे ग्रामसभेत एका बाईने उठून म्हटले, तर तो प्रश्नही विधानसभेतल्या प्रश्नाइतकाच मोलाचा आहे.

न विचारणाऱ्याचा हिशेब दुसराच कोणी लिहितो, आणि तो स्वतःच्या सोयीने लिहितो. हे आपल्या आज्या-पणज्यांनी सावकाराच्या वहीत पुरेपूर भोगले आहे. सरकारची वहीही त्याच सावधपणाने वाचली पाहिजे.