मधु लिमये : तुरुंग, कोर्ट आणि लोकसभा

मधु लिमये यांचा जन्म १ मे १९२२ रोजी पुण्यात झाला. फर्ग्युसन कॉलेजात असतानाच एस. एम. जोशी, ना. ग. गोरे यांच्या सहवासात ते समाजवादी चळवळीत ओढले गेले. १९४० साली युद्धविरोधी प्रचाराबद्दल पहिला तुरुंगवास घडला, तो धुळ्यात. बेचाळीसच्या लढ्यात ते भूमिगत होते. १९४३ मध्ये पकडले गेले आणि १९४५ मध्ये सुटले.

१९५५ च्या जुलैत ते सत्याग्रहींसह गोव्यात शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी बेदम मारले आणि लष्करी न्यायालयाने १२ वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. लिमयांनी ना बचाव केला, ना अपील. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची गोव्यावरची सत्ताच मान्य नव्हती, तर त्याच्या न्यायालयापुढे कैफियत कसली मांडायची? १९५७ मध्ये ते सुटले. स्वतंत्र भारतात मात्र हाच माणूस अटक झाली की घटनेचे कलम काढून बसे. त्यांच्या राजकारणाची खरी ओळख या फरकातच सापडते.

१९६४ च्या पोटनिवडणुकीत बिहारमधील मुंगेरने त्यांना लोकसभेवर पाठवले. पुण्याच्या ब्राह्मणाला बिहारने निवडून द्यावे, हे आजच्या जातींच्या गणितात बसणारे नाही. १९६७ मध्ये ते पुन्हा जिंकले, १९७१ मध्ये हरले. पुढे १९७३ आणि १९७७ मध्ये बांका मतदारसंघातून निवडून आले. सभागृहात नियमावली हेच त्यांचे शस्त्र होते. हरकतीचा मुद्दा, हक्कभंग, स्थगन प्रस्ताव या आयुधांनी त्यांनी मंत्र्यांना जेरीस आणले.

६ नोव्हेंबर १९६८ रोजी लखीसराय रेल्वे स्थानकावर त्यांना सहकाऱ्यांसह अटक झाली. त्याच दिवशी त्यांनी थेट सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने तेच घटनेच्या कलम ३२ खालची याचिका मानले. अटकेची कारणे सांगितली नव्हती, म्हणजे कलम २२ चा भंग झाला होता; नंतर मिळवलेल्या कोठडीच्या आदेशांनी तो दोष धुऊन निघत नाही, असे ठरवून न्यायालयाने त्यांना सोडले. जमावबंदीच्या १४४ कलमालाच आव्हान देणारी लढाई मात्र ते १९७० मध्ये हरले. सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते कलम वैध ठरवले. ते आजही नव्या क्रमांकाने कायद्यात आहे आणि सर्रास लावले जाते.

आणीबाणीत, जुलै १९७५ मध्ये, त्यांना ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली पकडले. फेब्रुवारी १९७७ पर्यंत ते मध्य प्रदेशातील तुरुंगांत होते. पाचव्या लोकसभेची पाच वर्षांची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. सरकारने ती वाढवून घेतली. लोकांनी पाच वर्षांसाठी दिलेली जागा त्यापुढे अडवून ठेवणे लिमयांना पटले नाही. तुरुंगातूनच त्यांनी राजीनामा दिला. तरुण खासदार शरद यादव यांनीही दिला. बाकीच्या विरोधी खासदारांपैकी बहुतेकांना ही गरज वाटली नाही.

आणीबाणीनंतर आलेल्या जनता पक्षाच्या राजवटीत ते मंत्री झाले नाहीत, पक्षाचे सरचिटणीस राहिले. जनसंघातून आलेल्या नेत्यांनी पक्षात राहायचे आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशीही बांधील राहायचे, हे चालणार नाही, असा दुहेरी निष्ठेचा वाद त्यांनी लावून धरला. १९७९ मध्ये सरकार कोसळले, त्याचा दोष अनेकांनी त्यांच्यावर टाकला. तो अगदी खोटा नाही. पण मोरारजी देसाई, चरणसिंग आणि जगजीवनराम यांच्यातल्या पंतप्रधानपदाच्या चढाओढीचे खापर एका सरचिटणीसावर फोडणे फारच सोयीचे होते.

१९८० मध्ये पराभव झाला आणि १९८२ मध्ये ते सक्रिय राजकारणातून बाजूला झाले. पुढे मराठी, हिंदी, इंग्रजीत ते लिहीत राहिले. स्वातंत्र्यसैनिकाचे निवृत्तिवेतन त्यांनी घेतले नाही, खासदारकीचेही नाही. ८ जानेवारी १९९५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.